तास मोजणाऱ्या मॅडम

किती वाजले असं विचारलं तर मॅडम कधी वेळ सांगत नसत. तास सांगत. "सहा झाले," म्हणत, आणि घड्याळात पाहावं तर सव्वाचार. सहा तास झालेले असत ते त्यांच्या पिवळ्याला ओटचे दाणे घातल्यापासून, नाहीतर जुन्या ओल्या कागदावरून नव्या कागदावर हलवल्यापासून. बसची वेळ असो, परीक्षेची घंटा असो, प्राचार्यांची मीटिंग असो, उत्तर हेच. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात एक वही केली आणि पहिल्या पानावर लिहून ठेवलं: मॅडमचे शून्य केव्हा, ते रोज सकाळी विचारून घेणे. तेवढं विचारून घेतलं की दिवस सोपा जायचा.

मला याद्या केल्याशिवाय काम सुचत नाही. काचसामानाची यादी, फुटलेल्या काचसामानाची यादी, कोणी फोडलं त्याची यादी. मॅडम मला यादीबाई म्हणायच्या. त्यात चेष्टा होती आणि भरवसाही होता. "यादीबाई, लिहा," असं त्या म्हणाल्या की मी पेन काढायचे, मग त्या उगीच म्हणाल्या असोत की कामाचं. एका दिवशी त्या तसं म्हणाल्या आणि मी लिहिलेलं पुढच्या सात दिवसांत ओळीनं खरं होत गेलं. पण ते नंतर.

आधी पिवळ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय मॅडम कोणाला आठवतच नाहीत. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव श्लेष्मकवक. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर पिवळीधमक चिकट जाळी पसरलेली दिसते, ती. ती झाड नाही, प्राणी नाही, आणि नावात कवक असलं तरी बुरशीही नाही. तळहाताएवढा सगळा पसारा म्हणजे एकच पेशी, आत हजारो केंद्रकं. आणि ती चालते. तासाला पेरभर सरकते, दाण्यापाशी पोचली की त्याला वेढा घालते, मीठ लागलं की मागे फिरते. मॅडमनी ती काचेच्या चपट्या थाळीत कित्येक वर्षं जिवंत ठेवली होती. दिवाळीच्या सुट्टीत थाळी त्यांच्याबरोबर सानगडीला, त्यांच्या घरी जायची, एसटीत मांडीवर.

मुलांनी त्यांचं नाव शेंबूडमॅडम ठेवलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा व्हरांड्यात एक मुलगा जरा मोठ्यानं बोलला. मॅडम थांबल्या. रागावल्या नाहीत. "शेंबूड आपल्या जागेवरून हालत नाही," त्या म्हणाल्या, "हा चालते. दोघातले दहा फरक उद्या लिहून आण." त्यानं सात आणले. मॅडमनी दहापैकी सात गुण देऊन कागद फलकावर लावला.

मोठ्या शहरात जाऊन त्यांनी श्लेष्मकवकाच्या ट्युब्युलिन जनुकांवर पीएच.डी. केली होती. तिथेच राहता आलं असतं. परत का आलात असं मी विचारलं, तर म्हणाल्या, तिथल्या भाताला वासच नव्हता. शेतकऱ्याच्या घरच्या होत्या. पुस्तकी मराठी त्यांना यायची, पण शिकवताना रंगात आल्या की घरची बोली बाहेर पडायची. ट्युब्युलिन म्हणजे काय हे मला, जिनं बारावीनंतर विज्ञान सोडलं होतं, त्यांनी अशा बोलीतच समजावलं. "लग्नात मांडव घालता का नाही? मंग पेशी एकाच्या दोन व्हायच्या म्हंजे आतमंदी मांडव घालावाच लागते. ट्युब्युलिन म्हंजे त्या मांडवाच्या बल्ल्या. काम झालं का बल्ल्या सोडून ठेवायच्या." या बल्ल्या करायचा नमुना एका जनुकात नसतो, चार-सहा जनुकांत असतो. सगळ्यांची बांधणी वरवर सारखी, चार अक्षरं इकडंतिकडं. पिवळा लहानपणी एकट्या पेशीचा असतो, पाण्यात पडला तर शेपटी काढून पोहतो, तेव्हा एक जनुक कामाला लागतं. मोठा होऊन जाळी झाला की दुसरंच जागं होतं, जे लहानपणी कधी बोललेलं नसतं. जाळीतली सगळी केंद्रकं एकाच वेळी दुभंगतात, आणि त्याच्या जरा आधी या बल्ल्यांचं उत्पादन भराभर चढतं, काम झालं की उतरतं. कोणतं जनुक कोणत्या तासाला चढलं हे पाहण्यात मॅडमची उमेदीची वर्षं गेली होती. तासांची सवय तिथली.

त्यांचं एक वाक्य मुलं परीक्षेत जसंच्या तसं उतरवत: "गप्प आहे म्हंजे नाही, असं समजू नका. त्याची वेळ नाही झाली." जनुकांबद्दलचं होतं ते. आता ते मला वेगळंच ऐकू येतं.

त्यांची आणखी एक पद्धत होती, आणि तिचं मी पुष्कळ कौतुक करत असे. विद्यार्थ्यानं विचारलं नाही ते त्या सांगत नसत. अर्धं सांगून थांबायच्या. उरलेलं कोणी विचारलं तर तोंडभरून सांगायच्या. नाही विचारलं तर तास संपायचा. घास भरवला तर पोर चावायला शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. काही वर्षं वर्ग चांगला निघायचा, काही वर्षं कोणीच काही विचारायचं नाही.

प्रयोगशाळेत आम्ही तिघं. तिसरे सोमाजीभाऊ, परिचर. वय पन्नाशीच्या पुढे. घर तळ्याकाठच्या गावात, पिढीजात मासे धरणारं. नोकरी लागली तरी रविवारी जाळं टाकायचेच. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून असेल किंवा आणखी कशानं, त्यांच्या पायाचा अंगठा मधूनमधून वांग्यासारखा सुजायचा आणि मग ते चप्पल हातात घेऊन कॉलेजात यायचे. मॅडमना ते बाई म्हणत, मॅडम त्यांना भाऊ. मॅडमनी कधीतरी सांगितलं होतं की पिवळा हा झाडापेक्षा आपल्या जवळचा, लांबचा का होईना, सोयराच. सोमाजीभाऊंनी ते मनावर घेतलं आणि पिवळ्याला जावई करून टाकला. सकाळी दार उघडलं की पहिली चौकशी, "जावई रुसला तं नाही ना?" ओट संपले की, "बाई, जावई उपाशी बसला. आता लेक परत पाठवते पाहा." मॅडम हसायच्या. त्या तशा कमी हसायच्या, पण या माणसापुढे हसायच्या.

त्यांची सासुरवाड आंबागडची. किल्ल्याखालच्या जंगलातून ते कुजके ओंडके आणायचे आणि दर वर्षी कळलावीचे कंद आणायचे. कळलावी तुम्ही पाहिली असेल. कुंपणावर चढते, पानाची टोकं वळवून काटक्यांना धरते, फूल ज्वाळेसारखं लालपिवळं. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. ते पेशीतल्या बल्ल्यांना चिकटतं आणि मांडव उभाच राहू देत नाही. तयार रसायन महाग आणि उशिरा येणारं, म्हणून मॅडम कंदाचा अर्क काढून घ्यायच्या. तो सोमाजीभाऊच काढायचे, हातमोजे घालून. मी त्याला बाटली क्रमांक अकरा दिला आणि लेबलावर लिहिलं: कळलावी कंदार्क, कांद्याच्या मुळांसाठी. माझ्या लेबलाला तीन रकाने होते. क्रमांक, नाव, उपयोग. विष हा शब्द त्या तिन्हीपैकी कशात बसत नव्हता, म्हणून तो मी लिहिला नाही.

दर वर्षी मॅडम या अर्काचा एक प्रयोग दाखवायच्या. कांद्याच्या मुळ्या अर्कात ठेवायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर पेशी दोन होता होता अडकून बसलेल्या. आणि तोच अर्क पिवळ्याच्या कागदावर थेंब थेंब सोडायचा. पिवळा त्यावरून सरकत जायचा. दुसऱ्या दिवशी चांगला फोफावलेला. मुलं आ वासायची. मॅडम सांगायच्या, त्याच्या बल्ल्यांचा साचा जरा निराळा. या विषाला तिथे बसायला जागाच मिळत नाही. तिथे त्या थांबायच्या. कोणी विचारलं की आपल्या बल्ल्या कशा, तरच म्हणायच्या, "आपल्या कांद्यासारख्या." मी चौदा वर्षं तो प्रयोग मांडला. माझ्या आठवणीत हा प्रश्न फार तर पाच वेळा विचारला गेला. सोमाजीभाऊ तेव्हा मागे मोरीपाशी काचसामान धूत असायचे आणि नळ चालू असायचा.

त्यांच्या अंगठ्याला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. एकदा त्यांनी पाकीट मॅडमना दाखवलं. मॅडमनी नाव वाचलं आणि हसून म्हणाल्या, "भाऊ, हे तं तुमच्या सासुरवाडीचंच औषध आहे. कळलावीचं." सोमाजीभाऊंना त्याचा केवढा अभिमान वाटला. दोन दिवस ते शिपायांना सांगत फिरत होते. आम्हीही हसलो. त्या दोन दिवसांत मॅडमना किंवा मला एक वाक्य जास्त बोलायचं सुचलं नाही. गोळीत मोजून कणभर असतं आणि बाटलीत किती आहे ते कोणी मोजलेलंच नाही, एवढंच ते वाक्य.

पोळा नुकताच झाला होता. मंगळवारी सोमाजीभाऊ आले नाहीत. न सांगता ते कधी राहत नसत. साडेअकराला त्यांच्या बायकोचा, सुगंधावहिनींचा मला फोन आला की रात्रीपासून ओकारी आणि जुलाब आहेत, पोटात पीळ पडतो, ऑटोनं तालुक्याच्या दवाखान्यात आणलं आहे. मी रजेच्या वहीत नोंद केली आणि मॅडमना सांगितलं. पोळ्याचं उरलेलं काही खाल्लं असेल, असंही म्हणाले.

मॅडम पिवळ्याचा कागद बदलत होत्या. त्यांनी चिमटा खाली ठेवला. "यादीबाई, अकरा नंबर काढा."

द्रवाच्या प्रत्येक बाटलीवर मी सोमवारी सकाळी पातळीला पेन्सिलीची रेघ मारते. ती सवय मी कोणाला सांगितलेली नव्हती, पण मॅडमना माहीत होती. बाटली उजेडात धरली. अर्क रेघेच्या तीन बोटं खाली होता. त्या आठवड्यात प्रयोग नव्हता. मी म्हटलं, सोमवारी दहाला रेघ मारली तेव्हा भरलेली होती. मॅडमनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चोवीस धरा," त्या म्हणाल्या, "पंचवीस होतील पोचेपर्यंत." त्यांच्या तोंडून मी हजारदा तास ऐकले होते. त्या वेळी पहिल्यांदा मी शून्य केव्हा ते विचारलं नाही.

माझ्या स्कूटरवर आम्ही गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कुंपणाकुंपणावर कळलावी फुललेली होती. मॅडम मागे बाटली मांडीवर धरून बसल्या होत्या.

सोमाजीभाऊ सलाईन लावून पडले होते. मॅडमना पाहून उठू लागले. मॅडमनी सरळ विचारलं, किती घेतलं. आधी त्यांनी वडे शिळे होते वगैरे सांगितलं. मॅडम तशाच उभ्या राहिल्या. मग ते ओशाळं हसून म्हणाले, "गोळ्या सरल्या होत्या, बाई. अंगठा लय ठणकत होता. तुमीच तं म्हणाल्या का औषध थेच आहे. जावई दोन थेंब पेते अना मजेत राहते, मी दरसाली पाहतो. थो एवढासा, तळहाताएवढा. मी केवढा. मंग म्या त्या मानानं घेतलं. चहाचा कप, अर्धा."

त्यांनी नीट विचार करून, माप लावून घेतलं होतं. घाईनं किंवा वेडेपणानं नाही. आमच्याच प्रयोगशाळेत, आमच्याच सोयऱ्यावर, आमच्याच देखत चौदा वर्षं तपासलेलं औषध.

मॅडम डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, बाटली पाहिली, ताबडतोब नागपूरला फोन लावला. यावर उतारा असा काही नाही, शरीराला सांभाळत राहायचं, हे त्यांनी आणि मॅडमनी एकाच वेळी म्हटलं. मग मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "यादीबाई, लिहा. नागपूरच्या डॉक्टरले द्यायचं आहे, स्वच्छ अक्षरात लिहा."

मी लिहिलं. पहिला दिवस, ओकारी, जुलाब. दुसरा दिवस, उतार पडेल. पेशंटला बरं वाटेल, घरी न्यायचं म्हणतील, नेऊ देऊ नये. तिसरा दिवस, लघवी कमी होईल, नाडीवर लक्ष. चौथा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतील, कारण नव्या पेशी होणं थांबलेलं असेल. पाचवा, ताप, जंतू. सहावा, सातवा, आठवा, नववा, यांपुढे त्यांनी काही सांगितलं नाही. मी रेघ मारून जागा सोडली. दहावा दिवस, केस गळतील.

मी विचारलं, केस?

"केस गळाले म्हंजे माणूस वाचला," मॅडम म्हणाल्या. "तिथपर्यंत पोचलं पायजे."

सुगंधावहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तेवढंच ऐकलं. विचारायला आल्या, आणि मॅडमनी त्यांना यादीतली ती एकच ओळ सांगितली. बाकीच्या सांगितल्या नाहीत.

बुधवारी सकाळी सोमाजीभाऊंना खरंच उतार पडला. चहा मागितला. रात्रभर गाडीची व्यवस्था होत नव्हती, ती सकाळी झाली, तर ते जायला तयार नाहीत. तळ्यातल्या मासळीचे दिवस, घरचं काम पडलेलं, आणि पोट तर थांबलं. भावकीतली दोन माणसं आली होती, तीही म्हणू लागली की बऱ्या माणसाला कायले नागपूरला नेता. त्यांना कसं सांगायचं? पेशंट पलंगावर बसून बिस्कीट खात होता. मॅडम त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मी त्यांना प्राचार्यांपुढेही मान वाकवताना पाहिलं नव्हतं.

सोमाजीभाऊ अवघडले. म्हणाले, "बाई, मी बरा होऊन राहिलो अना तुमी अशा पाहून राहिल्या जसा का मी मेलो."

"भाऊ, मायासाठी चला," मॅडम म्हणाल्या.

मग ते चढले गाडीत. जाताना मला ओरडून सांगितलं, जावयाचा कागद गुरुवारी बदलायचा आहे, विसरू नका.

नागपूरच्या डॉक्टरांनी माझी यादी पेशंटच्या कागदांना टाचून ठेवली. मॅडमनी रजा टाकली आणि नात्यातल्या कोणाकडे राहिल्या. मी एक दिवसाआड जायचे. एरवी यादीतलं काम झालं की त्यापुढे खूण करायला मला आवडतं. त्या यादीला मी हात लावला नाही. लावायची गरजही पडली नाही. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. चौथ्या दिवशी पांढऱ्या पेशी उतरल्या. पाचव्या दिवशी ताप आला. दर वेळी डॉक्टर बाहेर येऊन सांगायचे आणि मॅडम नुसती मान हलवायच्या. त्यांना प्रत्येक गोष्ट आधी माहीत होती आणि त्या माहितीचा एका माणसाला काडीचा उपयोग नव्हता. त्या दिवसांत त्यांनी कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही. बाकावर बसून डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक दाबत राहायच्या.

सुगंधावहिनींना सकाळी एकदा आत सोडायचे. त्या कंगवा घेऊन जायच्या. नवऱ्याचे केस विंचरायच्या आणि बाहेर येऊन कंगवा उजेडात धरून पाहायच्या. आतल्या नर्सला वाटायचं, नवऱ्याला नीटनेटकं ठेवायची हौस आहे. सोमाजीभाऊंचे केस दाट होते, कानावर नुसते पांढरे. रोज कंगवा कोरा निघायचा आणि वहिनी तो पदरात गुंडाळायच्या.

सातव्या दिवशी मी तिथे होते. वहिनी जवळजवळ पळतच बाहेर आल्या. "बाई, निंगाले," म्हणाल्या, आणि कंगवा मॅडमच्या हातात दिला. त्यात दोन केस होते.

मॅडमनी कंगवा खिडकीपाशी नेला. पुष्कळ वेळ पाहिला. दोन केस कोणाच्याही कंगव्यात निघतात. माझ्या रोज त्याहून जास्त निघतात. मॅडम परत आल्या, कंगवा वहिनींच्या हातात दिला, म्हणाल्या, "हो. निंगाले." आयुष्यात त्या माझ्यादेखत खोटं बोलल्या ते एकदाच.

आठव्या दिवशी सकाळी सोमाजीभाऊ गेले. यादीत मी जागा सोडली होती, त्या जागेत.

नंतर जे होतं ते झालं. पंचनामा, जबाब. कॉलेजात कोणीतरी सुचवलं की परिचरानं परवानगीवाचून रसायन घेतलं असं लिहावं. ते खोटंही नव्हतं. मॅडमनी आपला जबाब स्वतः लिहिला, पुस्तकी मराठीत, चार ओळींचा. "अर्क मी काढून घेतला. त्यापासून माणसाला काय होतं ते मी परिचराला कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही." मी त्याखाली माझं एक वाक्य घातलं, लेबलाबद्दलचं. दोघींची वेतनवाढ थांबली. कमीच झालं, असं आम्हा दोघींना वाटलं.

मॅडम त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. आता सानगडीला भावाच्या शेतावर असतात. मी दिवाळीनंतर जाऊन येते. बोलतात, धानाबद्दल विशेष, चांगलं जेवू घालतात. पण मला मॅडम आठवतात त्या तिथल्या नाहीत. आठवतात त्या सुगंधावहिनींच्या पहिल्या दिवशीच्या.

वहिनींना नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर घेतलं होतं. वर्षभरानं आदेश आला. जागा प्रयोगशाळेतलीच. प्राचार्य ग्रंथालयात बदलून द्यायला तयार होते, पण वहिनींनी नको म्हणून कळवलं. सोमवारी दहाला त्या आल्या, दारात चप्पल काढली, आणि सरळ पिवळ्याच्या थाळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मॅडम टेबलामागे उभ्या होत्या. मी मधे, हातात सामानाची वही.

"हाच का?" वहिनींनी विचारलं.

मॅडम हो म्हणाल्या.

"थे पेऊन हा मेला नाही."

"नाही."

"त्यायनं मले सांगतलं होतं, हा आपला सोयरा आहे म्हून."

"म्या सांगतलं होतं त्यायले," मॅडम म्हणाल्या. "अर्धंच सांगतलं होतं."

मला वाटलं आता रडणं होईल, मी स्टूल पुढे सरकवलं. वहिनी बसल्या नाहीत. त्यांनी भिंतीभर लावलेल्या बाटल्यांवरून नजर फिरवली. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "मंग आता मले सांगा. यातलं काय काय माणसाले मारते थे सांगा. सगळं."

मॅडमनी त्या दिवशी एकही वर्ग घेतला नाही. एकेक बाटली काढून वहिनींच्या हातात दिली. पोटात गेलं तर काय होतं, अंगावर सांडलं तर काय, वास घेतला तर काय. किती तासांनी कळतं आणि मधे किती तास काहीच कळत नाही. वहिनी प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवायच्या. चुकलं तर मॅडम पुन्हा सांगायच्या. तिसऱ्या-चौथ्या बाटलीला वहिनी म्हणाल्या की त्यांच्या गावी तळ्यात जिथं खोल डोह असतो तिथं बांबू रोवून चिंधी बांधतात, म्हणजे परका माणूसही तिकडे उतरत नाही. मी सुती फडका दिला. त्यांनी तो दातानं फाडून पट्ट्या केल्या. माणसाला मारणारी बाटली असली की तिच्या गळ्याला एक पट्टी. मी वहीत खूण करत गेले. दुपारी मुलं प्रात्यक्षिकाला आली, त्यांना मॅडमनी खाली बसून ऐकायला सांगितलं.

चार वाजता शेवटची फळी झाली. एकतीस चिंध्या मोजल्या. एक पट्टी उरली. वहिनींनी ती हातात धरली आणि पिवळ्याच्या थाळीकडे बोट केलं. "याले बांधाची का?"

पिवळा विषारी नाही. खाल्ला तरी माणसाला काही होत नसावं. मी तसं सांगणारच होते, वहीत तसं लिहिलेलंही होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वहिनींच्या हातातून पट्टी घेतली, थाळीभोवती दोनदा फिरवली, आणि गाठ मारली. गाठ नीट बसेना, म्हणून सोडून पुन्हा मारली.